कुपनाचे वीस रुपये कोणाच्या खिशात?

हल्ली किराणा मालाच्या पुड्यांवर ‘वीस रुपयांची सूट’, ‘एकावर एक मोफत’ ही अक्षरे किमतीपेक्षा मोठी छापलेली असतात. मोबाईलवर तर रोज नवे कुपन येऊन पडते. आमच्या वाचकांत दुकानदार आहेत, तसेच माग, शिलाई, सुतारकाम यांवर संसार चालविणारे कारागीरही आहेत. महिन्याचा किराणा दोघांनाही चुकत नाही. म्हणून या कुपनाचा हिशेब मांडून पाहावा, असे आम्हाला वाटले.

ही चाल अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकाकोलाने एक पेला फुकट पिण्याच्या चिठ्ठ्या वाटल्या. पुढे १९३० नंतरच्या मंदीत घरोघरी कुपने जपून ठेवण्याची सवय वाढली. तेथे दुकानदार बुडत नाही. ग्राहकाला दिलेली सूट त्याला उत्पादकाकडून परत मिळते, वर कुपनामागे साधारण ८ सेंट हाताळणीखर्चही मिळतो. आपल्याकडील छोटा दुकानदार मात्र सूट आधी गल्ल्यातून देतो आणि मग क्लेमसाठी वितरकाच्या माणसाची वाट पाहत बसतो. अशा क्लेमची वेगळी वही ठेवावी आणि पुढचा माल उचलण्यापूर्वी ती पुढे करावी.

आता घरचा हिशेब. पॅकबंद मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापली जाते. त्याहून जास्त घेणे गुन्हा आहे, कमी घेण्यास कोणाचीच आडकाठी नाही. समजा, २०० रुपये छापील किमतीच्या पुड्यावर २० रुपयांचे कुपन आहे आणि शेजारच्या गल्लीतील दुकानदार तोच पुडा कुपनाशिवाय १७५ ला देतो. मग कुपन घेऊन आपण ५ रुपये गमावले! सूट किती, हे विचारण्यापेक्षा शेवटी किलोमागे किती पडले, हे विचारावे. मोठा पुडा नेहमीच स्वस्त, हाही समज खरा नाही. शाम्पूच्या छोट्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.

आमच्या घरी चहाच्या पुड्यातील कुपने सहा महिने डब्यात साठली होती. दुकानात नेली तेव्हा मुदत संपून आठवडा झाला होता. तेव्हापासून मुदतीची तारीख आम्ही डब्याच्या झाकणावरच लिहितो.

पण खरी अडचण वेगळीच आहे. कुपन रोखीवर चालते. ज्याचे दुकानात उधारीचे खाते आहे, त्याला ना कुपन चालते, ना घासाघीस करता येते. तो छापील किमतीला घेतो आणि वर उपकारही मानतो. महिन्याच्या ६,००० रुपयांच्या किराण्यावर पाच टक्के धरले तरी ३०० रुपये होतात. म्हणजे ज्याच्या हाती पैसा आहे त्यालाच सूट, आणि आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याला पूर्ण भाव. दुकानदाराचा यात दोष काढता येत नाही. त्याचेही पैसे महिनाभर अडकतात, आणि काम बंद पडलेल्या महिन्यात चूल पेटती ठेवतो तो हाच.

उधारी एकदम तोडणे बहुतेकांना जमत नाही. एकेक जिन्नस खात्यातून काढणे जमते. पहिल्या महिन्यात फक्त तेल रोखीने घ्यावे, त्यात वाचेल ते बाजूला ठेवून दुसऱ्या महिन्यात चहा-साखर. रमजानचे सामान ऐन चंद्र दिसल्यावर उधारीने आणण्याऐवजी दोन महिने आधीपासून थोडे थोडे रोखीने घेतले, तर फरक हातात दिसतो.

मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून आणखी एक वाट दाखविली आहे. शेजारची कुटुंबे गट करून महिन्याची यादी देतात, माल घाऊक खरेदीतून एकत्र येतो आणि गटातील घरे तो आपसांत वाटून घेतात. येथे कुपन नाही की जाहिरात नाही. आपल्या मोहल्ल्यात दहा घरांनी तांदूळ, डाळ आणि तेल एवढ्यापुरते हे करून पाहण्यास हरकत नाही. पैसे मात्र आधी गोळा करावे लागतात, आणि हिशेब ठेवणारा माणूस दहाही घरांना पसंत असावा लागतो.