बरे-वाईट साल आणि विमागणिताचा सल्ला
(जव्हार-मोखाड्याच्या खातेदारांकरिता काही विचार)

राब भाजून झाले, बांधबंदिस्ती आटोपली, मृगाचे वारे सुटले, की जव्हार व मोखाडा तालुक्यांतील प्रत्येक खातेदारापुढे चार प्रश्न उभे राहतात. खाचरातील भाताचा विमा उतरावा की न उतरावा? वरकस जमिनीच्या किती तुकड्यांत नाचणी-वरई करावी व किती तुकड्यांत मोगरा लावावा? त्यासाठी कर्ज काढावयाचे तर किती? आणि कणगीत धान्य राखावयाचे ते किती? या चार प्रश्नांची उत्तरे चुकली तर त्याचे फळ दिवाळीनंतर दिसते. घराला कुलूप लागते, मुले शाळेतून निघतात आणि कुटुंब वीटभट्टीच्या वाटेला लागते. या भागास हे दृश्य नवे नाही. १९९२ सालच्या सुमारास वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, त्याची आठवण अद्याप पुसलेली नाही. यास्तव हा हिशेब केवळ पैशांचा नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

अशा प्रश्नांचा विचार करणारे एक शास्त्र आहे, त्यास विमागणित म्हणतात व ते जाणणाऱ्यास विमागणिती. संकट केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु किती वर्षांत किती वेळा येते, आले तर किती नुकसान करते व त्याकरिता आधी किती बाजूस ठेवावे, हे मागील नोंदींवरून ठरविता येते. आपल्या देशात या व्यवसायाकरिता २००६ साली स्वतंत्र कायदा झाला. तथापि हे विद्वान बहुधा विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांत बसून कंपनीच्या प्रश्नांची उत्तरे काढीत असतात. शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर काढावयाचे तर हिशेब त्याच्या खाचरापासून सुरू झाला पाहिजे. तसा तो करून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. पुढील आकडे, जेथे साल वा योजनेचे नाव दिले आहे ते वगळता, हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपापले आकडे घालावेत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९१५ च्या सुमारास पावसाच्या मापावर आधारलेली शेतीविम्याची योजना सुचविली व १९२० साली तिजवर पुस्तक प्रसिद्ध केले. ती कल्पना दीर्घकाळ कागदावरच राहिली. पुढे १९७२ सालापासून एच-४ जातीच्या कापसाकरिता प्रत्येक शेतकऱ्याचे शेत वेगळे पाहून विमा देण्याचा प्रयोग झाला. तो १९७८-७९ पर्यंत चालला. ३,११० शेतकऱ्यांकडून हप्त्यापोटी जमा झाले ४ लाख ५४ हजार रुपये, आणि भरपाईपोटी द्यावे लागले ३७ लाख ८८ हजार. म्हणजे आले त्याच्या आठपटींहून अधिक गेले. प्रत्येक शेताचे नुकसान मोजण्याचा खर्च भारी. शिवाय ज्याचे शेत हमखास बुडणारे तोच विम्यास आधी पुढे येतो. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली यावर तोड सुचविली. एकेक शेत न मोजता सारख्या हवामानाच्या संपूर्ण क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजावे, आणि ते घटले तर तेथील सर्व विमेदारांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. १९७९ चा पथदर्शी पीक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ च्या रब्बीपासूनची राष्ट्रीय योजना व २०१६ च्या खरिपापासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना, या सर्व याच पायावर उभ्या आहेत.

आता पहिला प्रश्न घेऊ: भाताचा विमा उतरावा काय? विम्याचे घटक आपले शेत नसून महसूल मंडळ आहे. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढतात व तीस जोखीमस्तराने गुणतात. आपल्या राज्यात हा स्तर ७० टक्के धरलेला आहे. येणाऱ्या आकड्यास उंबरठा उत्पन्न म्हणतात. समजा, मंडळाचे हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत अनुक्रमे २४, २६, १९, २५, २३, २७ व १२ क्विंटल होते. उत्तम पाच वर्षांची सरासरी २५, तिचे ७० टक्के म्हणजे साडेसतरा क्विंटल. यंदा मंडळाचे उत्पन्न १४ क्विंटल आले तर तूट साडेतीन क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के झाली. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल तर भरपाई १०,००० रुपये. मात्र मंडळाचे उत्पन्न १८ क्विंटल आले आणि तुमच्या खाचरात आठच क्विंटल पिकले, तर भरपाई काहीच नाही. डोंगराच्या एका अंगास पाऊस व दुसऱ्या अंगास ऊन, ही आपल्या मुलखाची रीतच आहे. म्हणून ही गोष्ट मनात पक्की धरावी.

आता वरील सात वर्षांचीच कसोटी लावू. त्यांपैकी फक्त १२ क्विंटलच्या साली भरपाई मिळाली असती, ती सुमारे १५,७०० रुपये. १९ क्विंटलचे सालही वाईटच, पण त्या साली काही नाही. खरिपात शेतकऱ्याचा हप्ता जास्तीत जास्त दोन टक्के, म्हणजे येथे १,००० रुपये. सात वर्षांचे ७,०००. या आकड्यांवर विमा फायद्याचा ठरतो. परंतु एक बारकावा आहे. शेतकऱ्याने दोन टक्के अथवा खरा विमागणिती दर, यांपैकी जो कमी असेल तो भरावयाचा असतो. ज्या साली आपणांस दोन टक्क्यांहून पुष्कळ कमी हप्ता सांगितला जातो, त्या साली तो स्वस्त म्हणून आनंदण्याआधी त्याचा अर्थ ध्यानात घ्यावा: या मंडळात या पिकाची भरपाई क्वचितच द्यावी लागेल, असा कंपनीचा अदमास आहे. दर हा नुसता खर्च नव्हे, ती एक खबर आहे.

राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळत असे. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. त्याच हंगामापासून पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नावरच भरपाई ठरू लागली, आणि पेरणी न होणे, हंगामातील आपत्ती, स्थानिक आपत्ती व काढणीनंतरचे नुकसान या स्वतंत्र बाबी वगळल्या गेल्या. कापून खाचरात पसरलेले भात परतीच्या पावसाने भिजले, तर त्याचा वेगळा दावा त्या नियमांत बसत नाही. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने रानटी जनावरांचा उपद्रव व भात पाण्याखाली जाणे यांचा समावेश २०२६ च्या खरिपापासून करण्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष लागू काय हे राज्याच्या अधिसूचनेवर अवलंबून असते. सबब हप्ता भरण्यापूर्वी त्या हंगामाची अधिसूचना वाचून घ्यावी, व आपले पीक तीत आहे की नाही तेही पाहावे.

दुसरा व तिसरा प्रश्न, मोगरा आणि कर्ज, हे एकत्रच घेतले पाहिजेत. अलीकडे या भागातील कित्येक कुटुंबांना मोगऱ्याने उन्हाळ्यात रोख पैसा दाखविला आणि स्थलांतर टाळण्यास हातभार लावला, ही समाधानाची गोष्ट होय. आंबा, काजू, चिकू यांस हवामानाधारित फळपीक विमा आहे. मोगरा हे फूल असल्याने त्यात मोडत नाही. तेव्हा त्याचे बरे-वाईट सर्वस्वी आपल्या शिरावर. समजा, कर्जाचा वार्षिक हप्ता १२,००० रुपये असून चार वर्षे फेडावयाचा आहे. बऱ्या साली खर्च वजा जाता २०,००० उरतात, वाईट साली ४,०००. आणि चार वर्षांत एक साल वाईट जाते. सरासरी निघते १६,०००. सावकार म्हणेल, हप्ता भागून चार हजार उरतात, घ्या कर्ज!

परंतु फेड सरासरीने होत नाही, सालोसाल होते. चारांत एक हे प्रमाण धरले, तर चार वर्षांच्या मुदतीत निदान एक वाईट साल येण्याची शक्यता शंभरांत सुमारे ६८ आहे. म्हणजे तसे साल येणारच असे धरून चालावे. दोन वाईट साले लागोपाठ येण्याची शक्यता शंभरांत सुमारे १६. साधारण सहा कर्जदारांमागे एकावर ही पाळी येणार. वाईट साली ८,००० रुपये कमी पडतात. ते कोठून आणणार, हा खरा प्रश्न होय. बैल विकून आणावे लागत असतील तर कर्ज मोठे झाले. लागवड व कर्ज निम्मे केले तर नफाही निम्मा होतो हे खरे. पण तूट ४,००० वर येते आणि घराची सोसण्याची शक्ती मात्र तेवढीच राहते. यास्तव आमचा सल्ला असा: कर्जाचे माप बऱ्या सालच्या नफ्यावरून न ठरविता, वाईट सालची तूट घर मोडल्यावाचून किती भरता येईल, त्यावरून ठरवावे. पहिल्या वर्षी झाड लहान, फूल थोडे. म्हणून त्या वर्षी हप्ता नसावा, ही अट आधीच घालून घ्यावी. शिवाय वाईट साल केवळ आभाळातून येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली ती मोगऱ्याच्या ऐन हंगामात. झाडे फुलली होती, बाजार मिटले होते.

चौथा प्रश्न कणगीचा. पाच माणसांच्या घरास वर्षाला ९०० किलो धान्य लागते असे धरू. वाईट साली ५४० किलोच आले तर ३६० कमी पडतात. तीन बऱ्या सालांत दरसाल १२० किलो राखले तर ती तूट भरून निघते. पण वाईट साल पहिलेच आले तर? अथवा बाकीच्यांचे पिकले आणि आपल्याच घरी आजारपण आले, बैल मेला वा डुकरांनी नाचणी लोळविली तर? येथे मंडळाचा विमा निरुपयोगी ठरतो, आणि गावाचा धान्यकोष उपयोगी पडतो.

त्याचाही हिशेब करता येतो. ५० घरांचा पाडा आहे. साधारण वर्षी दहा घरांत एकावर असे एकट्याचे संकट येते व त्यास २०० किलो धान्य द्यावयाचे आहे. म्हणजे पाच घरे व १,००० किलो. दर घराचा वाटा २० किलो. पण पाच ही सरासरी झाली. एखाद्या वर्षी सात-आठ घरेही अडतील. आठ घरांपुरता, म्हणजे १,६०० किलोंचा कोष ठेवला तर तो अपुरा पडण्याचा प्रसंग शंभर वर्षांत सुमारे सहा वेळाच येईल. याकरिता पहिल्या वर्षी घरटी ३२ किलो जमा करावे व पुढे जेवढे खर्च होईल तेवढेच भरून काढावे. आता याच कोषावर सर्व पाड्याचे पीक एकदम बुडाल्याचा भार टाकून पाहा. ५० घरांची ३६० किलोंप्रमाणे तूट होते १८,००० किलो. १,६०० किलो त्यापुढे दोन आठवडेही टिकणार नाहीत.

आमच्या मते साऱ्या हिशेबाचे सार येथे आहे. संकटे दोन जातींची. एक सर्वांचे मिळून येणारे: पावसाने ओढ दिली, मंडळभर भात गेले. दुसरे एकट्याचे. पहिल्याला गाव पुरे पडत नाही, कारण देणारा व घेणारा दोघेही एकाच वेळी बुडतात. तेथे दूरवर पसरलेला विमाच हवा. दुसऱ्याला मंडळाचा विमा पुरे पडत नाही, कारण सरासरीला एकट्याचे दुःख दिसत नाही. तेथे शेजाऱ्याचाच हात हवा. विमा घेतला म्हणून धान्यकोष नको, किंवा कोष आहे म्हणून विमा नको, असे म्हणणे म्हणजे इरले आहे म्हणून घर न शाकारण्यासारखे होय. विम्याची भरपाई कापणीचे आकडे जुळल्यावर, म्हणजे हंगाम सरून गेल्यावर हाती येते. तोवर चूल पेटती ठेवण्याचे काम कणगीनेच करावयाचे असते.

शेवटी एक विनंती. वरील सर्व हिशेब नोंदींवाचून लंगडा आहे. प्रत्येक सभासदाने एक वही घालावी व तीत दरसाल चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या तुकड्यात किती पिकले, पाऊस केव्हा तुटला, मंडळाचे जाहीर उत्पन्न किती निघाले, आणि घरी धान्य कोणत्या महिन्यापर्यंत पुरले. सात वर्षांची अशी वही ज्याच्यापाशी असेल, त्याचे शेत मंडळाबरोबर चालते की त्याहून निराळे, हे त्यास ताबडतोब दिसेल, आणि विम्यावर किती व शेजाऱ्यांवर किती विसंबावे तेही कळेल. कंपनीचा वा पतपेढीचा मनुष्य सल्ला द्यावयास आला तर त्यास सरासरी विचारू नये. वाईट साल आले तर माझ्या घरी काय उरेल, एवढेच विचारावे, आणि उत्तर वहीशी ताडून पाहावे. पाऊस आपल्या हाती नाही. वही मात्र आहे, आणि ती याच मृगापासून सुरू करता येते.