सायकलसाठी कॅमेरा घेताना बॅटरीचा हिशेब आधी मांडा

सायकलस्वारीचे चित्रण करणारा छोटा कॅमेरा घ्यायला दुकानात गेले की विक्रेता प्रथम ४के आणि ५.३के हे आकडे सांगतो आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळते. परंतु सायकलस्वाराची खरी अडचण पुढे बॅटरी आणि कार्डापाशी होते.

उदाहरण घेऊ. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे स्वारीत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. ॲक्शन कॅमेऱ्याची एक बॅटरी मोठ्या चित्रावर साधारण तास-दीड तास चालते. म्हणजे संपूर्ण स्वारी टिपायची तर किमान नऊ बॅटऱ्या हव्यात! कार्डाचेही तेच. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी भरतात, साडेतेरा तासांत सहाशेच्या वर. हेच चित्रण १०८० च्या साध्या दर्जात, २० मेगाबिटच्या आसपास केले तर तासाला ९ जीबी पुरतात आणि सगळी स्वारी १२८ जीबीच्या कार्डात जेमतेम मावते.

म्हणून आधी ठरवावे, कॅमेरा कशासाठी? घाटातल्या आठवणी टिपायच्या असतील तर हादरे शोषून चित्र स्थिर ठेवणारा गोप्रो, डीजेआय किंवा इन्स्टा३६० यांच्यापैकी एखादा घ्यावा आणि हवे तेवढेच तुकडे चित्रित करावेत. स्थिरीकरणाची ही सोय दिवसा उत्तम चालते. अंधारात मात्र चित्र फिसकटते.

अपघाताचा पुरावा हवा असेल तर गोष्ट वेगळी. तेथे कॅमेरा सतत चालू हवा आणि कार्ड भरल्यावर जुने पुसून नवे लिहिणारा हवा. ऑस्ट्रेलियाच्या सायक्लिक कंपनीने दिवा आणि कॅमेरा एकत्र केला. गार्मिनने २०२२ मध्ये मागचा दिवा, कॅमेरा आणि मागून येणाऱ्या वाहनाची सूचना देणारे रडार एकाच डबीत बसवले. चित्र सिनेमासारखे नसते, पण कामाचे असते. तरीही रुंद भिंगातून नंबर प्लेट काही मीटरांवरूनच वाचता येते आणि रात्री हेडलाइटच्या झोतात तीही पुसट होते. विक्रेता हे सांगत नाही; रात्रीचे चित्रण दाखवायला सांगावे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान झालेली असते, तिच्यावर विसंबू नये.

बनावट कार्डांचा धंदा तर जोरात आहे. वर २५६ लिहिलेले आणि आत ३२ च, असा माल स्वस्तात गळ्यात मारला जातो. कार्ड पक्क्या बिलावर घ्यावे, एकदा पूर्ण भरून फाइली उघडतात का हे तपासावे आणि त्यावर व्ही३० ही खूण पाहावी.

कॅमेरा हँडलच्या खाली घट्ट बसवलेला बरा. छातीवरचा पट्टा रेसिंग सायकलवर वाकले की पुढचे चाकच दाखवतो. आणि एक, जलरोधक कॅमेऱ्याचे झाकण उघडून पॉवर बँक जोडली की तो जलरोधक राहत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी त्यासाठी वेगळे बंदिस्त झाकण मिळते का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.