चोर्ला घाटात गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाकण्याआधी हे वाचा

जांबोटी : गोव्यातून केरीमार्गे चोर्ला घाट चढून कणकुंबी-जांबोटीकडे येणाऱ्या जुन्या जीप, सुमो, ट्रॅक्स गाड्यांचे एक दुखणे नेहमीचे आहे. घाट अर्धा चढला, की तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकतो. मग कुणीतरी सांगतो, "थर्मोस्टॅट काढून टाका की, काही होत नाही." घाटाच्या दोन्ही बाजूंना हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने तात्पुरते भागलेही असेल, पण इंजिनाला तो महागात पडतो.

थर्मोस्टॅट करतो काय?

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या पाण्याच्या वाटेवरचे हे आपोआप उघडणारे दार. त्यात मेण भरलेली छोटी पितळी कुपी असते. पाणी साधारण 82 अंशांपर्यंत तापले, की मेण वितळून फुगते, दार उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. पाणी निवले, की स्प्रिंग दार परत लावते. काही गाड्यांत हा आकडा 88 असतो. तो बहुधा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो.

काढल्यावर काय होते?

जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात हवा गार असते. दार नसले तर इंजिन नीट तापतच नाही. डिझेल पुरते जळत नाही, धूर वाढतो, अ‍ॅव्हरेज पडते, ऑइल लवकर खराब होते आणि सिलिंडर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट, म्हणजे बायपास, बंद करतो. तो काढला तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत फिरते आणि चढावर गाडी उलट जास्तच तापते.

दोष थर्मोस्टॅटचाच का?

आधी पाण्याची पातळी, फॅनबेल्ट, पंखा आणि रेडिएटरची जाळी बघावी. इंजिन चालू असताना रेडिएटरमधून सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. काटा वर गेलाय, पण रेडिएटरकडे जाणारी वरची होज कोमटच आहे, तर दार बंद अवस्थेत अडकले असावे. उलट, होज सुरुवातीपासूनच हळूहळू तापते आणि काटा खालीच राहतो, तर ते उघडे अडकले आहे. होजला हात लावताना पंखा आणि बेल्ट सांभाळावा.

सापडतो कुठे?

बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरची वरची होज धरून इंजिनाकडे जावे. ती जिथे हेडला जोडलेली असते, तिथल्या दोन-तीन बोल्टच्या झाकणाखाली थर्मोस्टॅट बसवलेला असतो. काही इंजिनांत तो खालच्या होजच्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळ असतो.

बदलायचा कसा?

इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, उसळून चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनात ओढ्याचे गार पाणी ओतणेही धोक्याचे. त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून पाणी बादलीत काढावे. कुलंट जमिनीवर सोडू नये. ते विषारी असते आणि चवीला गोड असल्याने कुत्री-जनावरे पितात. मलप्रभेचा उगमही इथेच, कणकुंबीत आहे.

होजची क्लिप सैल करून झाकणाचे बोल्ट काढावेत. जुना थर्मोस्टॅट कसा बसला होता, त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. वरच्या होजकडचा असेल, तर पितळी कुपी इंजिनाच्या बाजूला राहते. हवा जाण्याचे बारीक छिद्र असेल, तर ते वर ठेवावे. जुने गॅस्केट खरवडून नवे घालावे आणि बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत. झाकण अ‍ॅल्युमिनियमचे असते, जोर लावला तर फुटते.

नवा थर्मोस्टॅटही बसवण्याआधी तपासावा. पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवून गरम करावा, तळाला टेकू देऊ नये. कोरलेल्या आकड्याच्या आसपास दार उघडू लागले आणि पाणी उकळेपर्यंत चांगले उघडले, तर तो ठीक.

शेवटी कुलंट भरून, हीटर असेल तर गरमवर ठेवून, झाकण न लावता इंजिन चालू करावे. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी आणि मग झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा बघावी. काटा मधे स्थिर राहिला, तरच गाडी घाटाला काढावी. थर्मोस्टॅटचा खर्च किरकोळ असतो, वाकलेल्या हेडचा नाही.