दहांतली एक गाडी आणि इंटरनेटचा हिशेब

शहापूरजवळून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, तर मुरबाडवरून कल्याण-माळशेज घाट रस्ता. या रस्त्यांवरून कुठल्या गाड्या किती जातात हे शोधायचे आहे असे समजू या. प्रत्येक गाडी थांबवून विचारणे शक्य नाही. मग दहांतली एक गाडी निवडायची, तिचा क्रमांक लिहायचा आणि आलेल्या संख्येला दहाने गुणायचे. क्रमांक एमएच-१५ ने सुरू झाला तर नोंदणी नाशिकची, एमएच-०५ असेल तर कल्याणची. आपल्याला दोनच गोष्टी लागल्या : एक नमुना आणि एक यादी. इंटरनेटवरील वाहतुकीचा हिशेबही अशाच रीतीने ठेवतात.

इंटरनेटवर माहितीचे लहान लहान तुकडे करून पाठवतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. मोठ्या जोडणीवरून सेकंदाला लाखो पॅकेट जातात. ती सगळी तपासत बसले तर यंत्रावर फार ताण येईल. म्हणून राउटर, समजा, हजारांतले एक पॅकेट निवडतो आणि त्यावरचे पत्ते व त्याची लांबी हिशेबाच्या संगणकाकडे पाठवतो. २००१ साली प्रसिद्ध झालेली 'एसफ्लो' ही अशीच एक पद्धत. यात बरोबर दर हजारावे पॅकेट न घेता सरासरीने हजारांतले एक, पण यदृच्छेने, निवडतात. कारण वाहतुकीला लय असू शकते. दर दहाव्या वेळी नेमकी एसटीच आली तर रस्त्यावर फक्त एसट्याच धावतात असे वाटेल!

हजारांतल्या एकावर विश्वास कसा ठेवायचा? संख्याशास्त्र सांगते की एखाद्या प्रकारचे 'न' नमुने मिळाले, तर त्या प्रकारच्या पॅकेटांच्या अंदाजातील चूक १०० पैकी ९५ वेळा १९६ भागिले 'न'चे वर्गमूळ, इतक्या टक्क्यांच्या आत राहते. १०० नमुने असतील तर सुमारे २० टक्के, १०,००० असतील तर सुमारे २ टक्के. चूक निम्मी करायची तर नमुने चौपट हवेत. समजा, एका ठिकाणाहून आलेल्या पॅकेटांचे तासाभरात २,५०० नमुने मिळाले आणि त्यांची सरासरी लांबी १,००० बाइट आहे. मग एकूण वाहतूक २,५०० × १,००० × १,००० म्हणजे २५० कोटी बाइट. पॅकेटांच्या संख्येतील चूक सुमारे ४ टक्के. मात्र ज्याचे दोन-चारच नमुने मिळाले, त्याबद्दल ठामपणे बोलू नये.

आता यादीकडे वळू. पत्ता मिळाला, पण तो कोणाच्या जाळ्यातला? इंटरनेट हे हजारो स्वतंत्र जाळ्यांचे जाळे आहे. प्रत्येक जाळे 'माझ्याकडे अमुक पत्ते आहेत' असे शेजाऱ्यांना कळवते. ते ही बातमी पुढे कळवतात. या कळवाकळवीचे नियम म्हणजे 'बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल'. त्याची पहिली आवृत्ती १९८९ सालची. हिशेबाचा संगणक राउटरकडून ही यादी सतत घेत राहतो. स्वतः मात्र काहीच कळवत नाही. एका पत्त्याला दोन नोंदी जुळल्या तर जास्त लांब जुळणारी नोंद खरी मानतात. 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र, पण 'एमएच-१५' म्हणजे नाशिक, तसेच हे. नमुना आणि यादी यांची सांगड घातली की कोणत्या जाळ्याशी किती देवाणघेवाण झाली याचा तक्ता तयार होतो.

या तक्त्याचा उपयोग काय? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली. पुढे तिला 'भारतनेट' नाव पडले. शाळा, दवाखाना आणि कार्यालय एकाच जोडणीवर असतील तर ती अपुरी पडल्यावर 'मोठी जोडणी घ्या' हेच उत्तर सुचते. ते महागडे असते. सेवा पुरवणाऱ्याने आधी तक्ता पाहिला तर वेगळे मार्ग दिसू शकतात. बरीच वाहतूक देशातल्याच जाळ्यांशी होत असेल, तर ती मुंबईतल्या विनिमय केंद्रात थेट अदलाबदल करता येते. देशातली वाहतूक देशातच राहावी यासाठीच २००३ साली 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. नाशिकची गाडी मुरबाडमध्येच राहणारी असू शकते. त्याचप्रमाणे यादी आपला जाण्याचा मार्ग सांगते, समोरून येणारी पॅकेट कोणत्या मार्गाने आली ते सांगेलच असे नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. पत्त्यांवरून कोण कोणाशी संपर्क ठेवते हेही कळू शकते. म्हणून बेरीज जाळ्यांपुरती ठेवून व्यक्तींचे पत्ते पुसून टाकणे बरे. हिशेब वाहतुकीचा ठेवायचा, माणसांचा नव्हे.

वर्गात हा प्रयोग वाटाण्यांवर करता येईल. एका डब्यात पांढरे व हिरवे वाटाणे मोजून मिसळा. मुलांना डोळे मिटून आधी २५, मग १०० दाणे काढून हिरव्यांचे प्रमाण सांगायला लावा. प्रत्येक गटाचे उत्तर फळ्यावर लिहा. उत्तरांमधला फरक कधी कमी होतो हे मुलांनाच शोधू द्या.