चावीच्या पेटीचे गणगोत

जुन्या तबकड्यांच्या वेड्यांनी १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. वेड मात्र त्याहून जुने! लालबागच्या आमच्या खोलीत वडिलांचा चावीचा ग्रामोफोन कित्येक वर्षे मुका होता. चोरबाजारातून स्प्रिंग आणली. पण बसवताना ती सुटली तर बोटे फाटायची. अखेर गिरगावचे ऐंशीचे आजोबा आले, सोबत परळचा कॉलेजकुमार. आजोबांचे हात थरथरतात. ते सांगत गेले, पोरगा ग्रीस लावून स्प्रिंग गुंडाळत गेला. साउंडबॉक्सचे कडकलेले रबर बदलले, नवी सुई लावली. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेऊ लागली.

‘‘आजोबा, या बाई कोण?’’

‘‘अरे, बालगंधर्व!’’ आजोबांनी डोळे पुसले. ‘‘पुढच्या रविवारी माझी पेटी उघडू. येशील ना?’’

वडिलांच्या खुर्चीत बसून मी पुन्हा चावी दिली.