सपाट फरशीवरच्या पायऱ्या

सपाट फरशीवर चार पावलं टाकताना पाय जमिनीला चिकटतात, आणि तोच माणूस जिना मात्र सराईतासारखा उतरतो. पुण्यात वाढलेल्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी हे आपल्या घरातल्या पार्किन्सन्स झालेल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं. जिना संपला की ते पुन्हा थिजत. मग सोनेजींनी सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र अंथरलं आणि त्यावरून ते चालू लागले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला 2015 साली दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ही हकिगत जगाला सांगितली. मला हे चित्र आभासी वास्तवाचंच एक रूप वाटतं, फक्त त्याला वीज लागत नाही.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि पाऊल आपसूक पडण्याची सोय हरवते. मात्र डोळ्यांना खूण दिसली, कानांना ठेका मिळाला, की मेंदू दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचतो. जमिनीवर आडव्या रेषा आखल्या तर रुग्ण त्या ओलांडत चालतो, हे पर्डन मार्टिन या ब्रिटिश डॉक्टरांनी 1967 मध्येच नोंदवलं होतं.

संगणकाने या जुन्या निरीक्षणात एक मोलाची भर घातली. 2016 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पाच देशांतले, वारंवार पडणारे 302 ज्येष्ठ होते. सर्वच पार्किन्सन्सचे नव्हते. त्यांचे दोन गट केले. दोन्ही गट आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे ट्रेडमिलवर चालले. एका गटासमोर पडदाही होता. कॅमेरा पावलं टिपायचा, आणि पडद्यावर रस्ता, अडथळे, फुटणाऱ्या वाटा, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी यायच्या. पाऊल उचलायचं आणि त्याच वेळी कुठून जायचं तेही ठरवायचं. नुसत्या ट्रेडमिलच्या गटात सहा महिन्यांतलं पडणं सरासरी 10.7 वरून 8.3 वर आलं. पडदेवाल्या गटात ते 11.9 वरून 6 वर आलं आणि सर्वाधिक लाभ पार्किन्सन्सच्या रुग्णांना झाला. वैद्यकीय पुरावे एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेनच्या त्याच वर्षीच्या आढाव्याने मात्र पार्किन्सन्समधल्या आभासी वास्तवाच्या आठ लहान चाचण्या तपासून पुरावा कमकुवत असल्याचं बजावलं. पावलाची लांबी थोडी वाढते, एवढंच त्याला म्हणता आलं.

पुण्यात लक्ष्मी रोडवर निघालेल्या शुभार्थीला, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णाला, पडद्यासमोरचं हेच दुहेरी काम करावं लागतं. उखडलेली फरशी, पदपथावर चढलेली दुचाकी, मागून कुणी मारलेली हाक. हाकेला उत्तर द्यायला गेलं की पाय थांबतो. म्हणून पडद्यावरच्या अडथळ्यांना मी खेळ मानत नाही. पण आभासी वास्तवाचा, डोळे पूर्ण झाकणारा हेडसेट घरी एकट्याने लावून उभं राहणं धोक्याचं आहे. भोवळ येऊ शकते, तोल जाऊ शकतो. आधाराचा पट्टा, शेजारी फिजिओथेरपिस्ट आणि औषधाचा अंमल असलेली वेळ, हे तिन्ही हवंच.

पुण्याकडे दुसरी एक शिदोरी आधीपासून आहे. मधुसूदन शेंडे आणि शरच्चंद्र पटवर्धन यांनी उभ्या केलेल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात शुभार्थी आणि त्यांची काळजी घेणारे शुभंकर नियमित भेटत आले. हृषिकेश पवार यांच्या नृत्यवर्गात संगीताच्या ठेक्यावर पावलं पडली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2001 साली मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने असाच वर्ग सुरू केला होता. ठेका हीसुद्धा खूणच, आणि ती सोबतीने मिळते. सरावात खंड पडला की कमावलेलं ओसरू लागतं. एकट्याचा व्यायाम लवकर सुटतो, मंडळी वाट पाहत असली की माणूस घराबाहेर पडतो.

यंत्रं येवोत, अवश्य येवोत. माझा आग्रह इतकाच, की पडद्यावर परदेशातला गुळगुळीत पदपथ नको. पीएमपीच्या बसची उंच पायरी, मंडईतली गर्दी, पावसाळ्यातलं डबकं त्यात असावं, आणि ते बनवताना शुभार्थींना शेजारी बसवून विचारावं की नेमकं कुठे पाऊल अडतं.