गुन्हा ठरला, पण शिक्षा किती?

अक्षय कुमारचा ‘रुस्तम’ पाहिलाय ना? तो ज्या खटल्यावरून सुचला, तो मुंबईतला नानावटी खटला. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने नौदलातल्या या अधिकाऱ्याची खुनाची जन्मठेप कायम ठेवली. पण त्याच निकालात एक कामाची गोष्ट आहे. अचानक चिथावणी मिळाली होती का, हे ठरवताना आरोपीच्याच समाजस्तरातला सामान्य माणूस त्या जागी कसा वागला असता, हे बघायचं.

आता मुंबई सोडा, आपल्या एकोडीकडे या. समजा, जवळच्या टोलीवर धुऱ्यावरून दोन गोंड भावकींत वाद पेटला. रागाच्या भरात काठी बसली, माणूस गेला. आरोपी तुमच्याच वयाचा. कोर्टाने ठरवलं, की हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. मग शिक्षा किती?

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०५ लागू आहे. मारण्याचा हेतू असेल तर जन्मठेप, नाहीतर ५ ते १० वर्षं. हेतू नव्हता, पण जीव जाऊ शकतो हे माहीत होतं, तर १० वर्षांपर्यंत. जुन्या कलम ३०४ मध्ये ही ५ वर्षांची किमान अट नव्हती. म्हणजे न्यायाधीशांचे हात आता थोडे बांधलेत.

तरी ५ आणि १० यांत अख्खी तरुणाई मावते! म्हणूनच दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकायचं असतं. पण ‘गरीब आहे, आईबाप म्हातारे आहेत’ एवढंच सांगितलं, तर कोर्टाला त्या मुलाबद्दल काय कळणार?

कॅनडाने काय केलं?

तिथे १९९९ मध्ये ग्लॅड्यू खटला गाजला. १९ वर्षांच्या क्री आदिवासी मुलीच्या हातून जोडीदाराचा जीव गेला होता. तिची ३ वर्षांची शिक्षा कायम राहिली. पण कोर्टाने बजावलं, की आदिवासी आरोपीला शिक्षा देताना त्याच्या समाजाने काय सोसलंय, हे बघायलाच हवं. तेव्हापासून तिथे असे खास अहवाल बनतात. तरीही तिथल्या मोठ्या तुरुंगांत लोकसंख्येच्या ५ टक्के असलेले आदिवासी जवळपास एक तृतीयांश आहेत. म्हणजे नुसत्या अहवालाने सगळं सुटत नाही.

आपल्याकडे २०२२ मध्ये मनोज खटल्यात सुप्रीम कोर्टाने आरोपीचं घर, शिक्षण, परिस्थिती यांची माहिती मागवायला सांगितलं. पण ते फाशीच्या खटल्यांपुरतं. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये व्हेरिअर एल्विन यांनी माडिया समाजातल्या १०० खून खटल्यांचा अभ्यास करून १९४३ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे प्रश्न काही नवा नाही.

मग सूट द्यायची का?

तुम्ही म्हणाल, मेलेल्याचं काय? बरोबर आहे. टोलीवरच्या भांडणात मेलेलाही बहुधा आदिवासीच असतो, त्याच्या आईलाही न्याय हवा. म्हणूनच मागणी सवलतीची नाही. शिक्षा द्या, पण माणूस समजून घेऊन द्या.

आणि हे गावात जरूर सांगा: अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. लॉ किंवा समाजकार्य शिकत असाल, तर त्या वकिलाला आरोपीच्या घरची, शाळेची, शेतीची खरी माहिती गोळा करून द्या. पाच वर्षं की दहा, हे त्या कागदावरही ठरू शकतं.